तेरा गावचं पाणी प्यालेला सालगडी

प्रश्न असा आला आहे : ऑक्टाव्हियो डोटेल या बेसबॉलपटूवर लिहिताना एका वाचकाला 'जर्नीमन रिलीफ पिचर' हे शब्द मराठीत आणायचे होते. पिचर म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा, आणि रिलीफ पिचर किंवा रिलीव्हर म्हणजे सामना चालू असताना आधीच्या पिचरची जागा घेणारा. त्यांनी 'प्रवासी मदतनीस गोलंदाज' असं केलं, मग स्वतःलाच हसू आलं. दुसरं काही सुचतं का?

हसू आलं ते बरंच झालं, कारण यातले दोन शब्द दगा देतात. आधी 'जर्नीमन' घेऊ.

यातल्या 'जर्नी'चा प्रवासाशी संबंध नाही. फ्रेंचमध्ये 'जूर' म्हणजे दिवस आणि 'जूर्ने' म्हणजे दिवसभराचा अवधी किंवा दिवसाचं काम. तिथून इंग्रजीत 'जर्नी' आलं. प्रवास हा अर्थही 'एका दिवसाची मजल' यातूनच निघाला. जुन्या कारागीर संघांमध्ये आधी उमेदवार, मग जर्नीमन आणि शेवटी उस्ताद अशी चढण असे. उमेदवारी संपवून हात बसलेला, पण स्वतःचं दुकान नसलेला, उस्तादाकडे दिवसाच्या मजुरीवर राबणारा तो जर्नीमन. अमेरिकेतल्या काही राज्यांत इलेक्ट्रिशियनच्या परवान्याला आजही या पायऱ्या आहेत. म्हणजे शब्दशः पाहिलं तर आपला 'रोजंदार' त्याचा सख्खा भाऊ. तिकडे 'जूर', इकडे फारसी 'रोज', दोन्हींचा अर्थ दिवसच.

पण खेळात हा शब्द वाकला. तिथे जर्नीमन म्हणजे तारा नव्हे आणि टाकाऊही नव्हे. काम चोख करणारा, पण कोणत्याच संघात मूळ न धरणारा. डोटेल जन्मला डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या सांतो दोमिंगोत. १९९९ मध्ये न्यूयॉर्क मेट्सकडून मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत आला, २०१३ मध्ये डेट्रॉइट टायगर्सकडून थांबला. मधल्या काळात एकूण तेरा संघ. एकट्या २०१० मध्ये पिट्सबर्ग, लॉस एंजेलिस आणि कोलोरॅडो असे तीन गणवेश. २०१२ मध्ये डेट्रॉइटकडून उतरला तेव्हा त्याने सर्वाधिक संघांकडून खेळण्याचा विक्रम मोडला. आधीचा विक्रम किती संघांचा होता? बारा! माइक मॉर्गन आणि रॉन व्हिलोन हे पिचर आणि मॅट स्टेअर्स हा फलंदाज, तिघेही नेमके बारा गावचं पाणी प्यालेले. आपल्या म्हणीला इतका तंतोतंत पुरावा अमेरिकेत सापडेल असं वाटलं नव्हतं.

तरी ही म्हण जपून वापरावी. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस अनुभवी असतो, पण थोडा बनेलही असतो. जर्नीमन या शब्दात ती लबाडी नाही.

मग दुसरे पर्याय? 'फिरस्ता' गोड आहे, पण त्यातून काम गळून पडतं. 'भाडोत्री' म्हणजे सरळ शिवी. इतिहासाच्या अंगाने पाहिलं तर 'शिलेदार' फार जवळचा : स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा स्वार. पण वर्तमानपत्रांनी त्याचा 'साहेबांचा निष्ठावंत शिलेदार' करून टाकला. आता तो उलट्याच अर्थाने वाचला जाईल.

मला विचाराल तर शब्द आहे 'सालगडी'. यातला 'गडी' मराठीत दोन्ही कामं करतो : शेतावर राबणारा तोही गडी आणि कबड्डीत बाद होतो तोही गडी. सालगड्याचा करार पुष्कळ ठिकाणी पाडव्याला ठरतो आणि पुढच्या पाडव्याला संपतो. बेसबॉलचा हंगामही मार्चअखेरीस नाहीतर एप्रिलच्या सुरुवातीला उघडतो, हा निव्वळ योगायोग, पण मला आवडतो. अशा पिचरचे करारही बरेचदा एकाच वर्षाचे. कारण साधं आहे. बेसबॉलच्या सामन्यात प्रत्येक संघाचे नऊ डाव, तीन बाद झाले की डाव संपला. रिलीव्हर एका सामन्यात त्यातला जेमतेम एक डाव टाकतो, वर्षात साठ-सत्तर. एवढ्याशा कामावरून पुढची तीन वर्षं कशी जातील याची खात्री कोणता मालक देईल?

अडचण आहे ती जुलैत. सालगड्याला मालक वर्षाच्या मधेच शेजाऱ्याला देऊन बदल्यात बैल घेत नाही. बेसबॉलमध्ये घेतात. जेतेपदाच्या शर्यतीतल्या संघाला जुलैअखेर हात कमी पडले की मागे राहिलेल्या संघाचे रिलीव्हर आधी उचलले जातात. २७ जुलै २०११ ला टोरोंटोने डोटेलला सेंट लुईसला दिलं. त्याच सौद्यात एडविन जॅक्सन नावाचा पिचरही होता. तो त्याच दिवशी शिकागोहून टोरोंटोला आला आणि तिथे एकही चेंडू न टाकता पुढे गेला. त्या ऑक्टोबरात सेंट लुईसने वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकली. पुढे २०१९ मध्ये चौदावा संघ गाठून डोटेलचा विक्रम मोडला तो याच जॅक्सनने, आणि तो चौदावा संघ टोरोंटोच.

शिवाय सालगडी म्हटलं की उचल आणि कर्ज डोळ्यांपुढे येतं, आणि हे लोक तर लाखो डॉलर घेतात. म्हणून हा शब्द स्तंभात, गप्पांत चालेल, बातमीत नको.

आता 'रिलीफ'. इथे मदत नाही, दिलासाही नाही. पाळी सोडवणं आहे. 'बदली' म्हणावं तर गिरणीतला बदली कामगार आठवतो आणि अर्थ जुळतो, पण क्रिकेटच्या वाचकाला बदली खेळाडू म्हणजे साधारणपणे ज्याला गोलंदाजी करायची परवानगी नसते तो. इथे तर पहिला पिचर एकदा बाहेर गेला की त्या सामन्यात परतत नाही. पुढचं सगळं नव्याच्या गळ्यात. ११ जून २००३ ला ह्यूस्टनचा रॉय ऑस्वाल्ट एकच डाव टाकून दुखापतीने बाहेर गेला. मागून आलेल्या पाच जणांनी न्यूयॉर्कच्या यांकीजना त्यांच्याच मैदानात एकही हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, मिळू दिला नाही. त्यात आठवा डाव डोटेलचा : एका डावात चार स्ट्राइकआउट, म्हणजे चौघांवर तीन-तीन स्ट्राइक! बाद तीनच होतात, मग चार कसे? तिसरा स्ट्राइक कॅचरच्या, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याच्या, हातून निसटला तर फलंदाज पहिल्या बेसवर पळू शकतो; तो वाचतो, पण स्ट्राइकआउट पिचरच्या खात्यात जमा होतो.

खरं तर 'रिलीव्हर' भाषांतरित करायची गरजच नाही. रात्रपाळीचा वॉचमन सकाळी काय म्हणतो? "माझा रिलीव्हर अजून आला नाही." शब्द आपल्याकडे केव्हाचा कामाला लागलाय. 'पिचर'ही राहू द्या. गोलंदाज म्हटलं की टप्पा पडलेला दिसतो.

तेव्हा तुमच्या वाक्याचं मी असं करीन : "डोटेल हा कामाचा रिलीव्हर, पंधरा हंगामांत तेरा संघांकडून खेळला." आणि संपादकाने मोकळीक दिली, तर मथळ्यात सालगडी.