खोपोलीचे पाइप आणि सोसायटीची टाकी

खोपोलीला डोंगरावरून उतरणारे जाड पाइप मुंबईच्या पाण्याचे का, असं विचारलंत. नाही हो. आपल्या नळाला पाणी तानसा, वैतरणा, भातशाचं. खोपोलीहून येते ती वीज, 1915 पासून. तेव्हा ती गिरण्यांसाठी होती.

वर लोणावळ्याजवळ वळवण, शिरोता ही धरणं. खरं तर ते पाणी पूर्वेला भीमेकडे जायचं. ते अडवून घाटाखाली सोडलं. सगळी करामत त्या 500 मीटरच्या उतारात आहे. खाली नोझलमधून झोत सुटतो तो साधारण ताशी 350 किलोमीटरने. समोर पेल्टन चक्र, म्हणजे झोताच्या जोरावर फिरणारं चाक, त्याच्या परिघावर जोडवाट्या. दोन वाट्यांमधल्या धारेवर झोत बरोबर दुभंगतो, वाटीत वळसा घेतो आणि जोर चक्राला देऊन मरगळल्यासारखा खाली गळतो. पाण्यात बारीक वाळू आली की हीच धार झिजते. बंद मशीनमध्ये उतरून त्या कडेवरून बोट फिरवलं की खरखर लगेच कळते. पस्तीस वर्षं याच कामात गेली, अजून ती बोटांना आठवते.

चक्राच्या दांड्यावर जनरेटर. मुंबईत लोड, म्हणजे विजेची मागणी, वाढला की चक्र मंदावू पाहतं, मग गव्हर्नर, म्हणजे चक्राचा वेग सांभाळणारं यंत्र, नोझलच्या तोंडातली सुई मागे घेतो, झोत जाड होतो. उलट लोड अचानक गेला तर पाणी झटकन बंद करायचं नाही, पाइपात हादरा बसतो. आधी एक पत्रा आडवा येऊन झोत चक्रावरून बाजूला वळवतो, सुई मग सावकाश पुढे येते. मला विचाराल तर सगळ्यात सुंदर भाग हाच.

आता दुसऱ्यांचा प्रश्न, सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीतून वीज होईल का. हजार लिटर पाणी घाटावरून उतरलं तर सव्वा युनिटच्या आसपास मिळतं. दहाव्या मजल्यावरून? 0.08 युनिट, तेही काही वाया गेलं नाही तर. वर चढवताना पंपाने याहून जास्त खाल्लेलं असतं.

खोपोली, भिवपुरी, भिरा ही पाण्यावरची तिन्ही वीजकेंद्रं मिळून 447 मेगावॅट. आजच्या मुंबईला ते पुरणारं नाही, पण औष्णिक संच थंड अवस्थेतून उभा राहायला कित्येक तास घेतो, हे पाण्यावरचे संच काही मिनिटांत लोड उचलतात.

आणि वीज काढल्यावर पाण्याचा कस जातो, ही जुनी समजूत सोडा. भिऱ्याचं पाणी पुढे कुंडलिकेला मिळतं. कोलाडचं राफ्टिंग सकाळीच का असतं? वरून पाणी तेव्हा सोडतात म्हणून.