८के टीव्ही आत्ता घ्यावा का? आणि वाचकांचे आणखी काही प्रश्न

प्रश्न : जुना टीव्ही बंद पडला. आता ६५ इंची घ्यायचा आहे. विक्रेता म्हणतो, ८के घेतलात तर पुढची दहा वर्षं बघायला नको. घ्यावा का?

उत्तर : नका घेऊ. आधी डोळ्यांचा हिशेब पाहा. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारीक तपशील सुटा दिसतो. ६५ इंची पडदा सुमारे १४४ सेंटिमीटर रुंद असतो आणि ४केमध्ये त्या रुंदीत ३,८४० पिक्सेल बसतात, म्हणजे एक पिक्सेल ०.३७५ मिलिमीटरचा. तो सुमारे १.३ मीटरच्या पलीकडून सुटा दिसतच नाही. तुम्ही अडीच-तीन मीटरवर बसत असाल, तर ४केचा सगळा बारकावासुद्धा डोळ्यांपर्यंत पोचत नाही. ८केमध्ये प्रत्येक पिक्सेलची रुंदी आणखी निम्मी होते. त्याने काय मिळणार?

राहिला दहा वर्षांचा मुद्दा. तो तर उलटाच लागू पडतो. २०१२-१३च्या सुमारास आलेले पहिले ४के टीव्ही आठवा. त्यांना बाहेरून चित्र घ्यायचे एचडीएमआय १.४ पोर्ट होते, आणि त्यातून ४के चित्र सेकंदाला फार तर ३० फ्रेमने जायचं. पुढे ४के चित्रपटांसाठी एचडीसीपी २.२ हे नक्कलरोधक कुलूप आलं. ते त्या पोर्टांना उघडता येत नव्हतं, म्हणून प्लेअर त्यांना ४के चित्र देईनात. उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणारं एचडीआर तर त्यांत नव्हतंच. पडदा ४केचा, पण आत ४के शिरायला वाट नाही, अशी गत झाली. ८केचंही तसंच होऊ शकतं. एवढं मोठं चित्र दाबून पाठवायला व्हीव्हीसीसारखी नवी पद्धत वापरात आली, तर ते उलगडण्याचं काम टीव्हीतली चिप करते. चिपमध्ये ती सोय नसेल तर सॉफ्टवेअर अपडेटने ती सहसा येत नाही. शिवाय एलसीडी पडद्यात पिक्सेल जितका लहान, तितका प्रकाश कमी झिरपतो. मग मागचा दिवा जास्त पेटवावा लागतो आणि वीज जास्त जाते.

तेच पैसे चांगल्या ४के टीव्हीत घाला. लोकल डिमिंगचे, म्हणजे मागचा दिवा भागाभागाने मंद करण्याचे झोन किती, पॅनेल खरोखर १२० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं दाखवणारं आहे का, एचडीएमआय २.१चे पोर्ट किती, हे तिन्ही विचारा. काळा रंग खरंच काळा दिसणं हा फरक खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही कळतो.

प्रश्न : घडीचा फोन आता पुरेसा टिकाऊ झाला आहे का?

उत्तर : बिजागरी बरीच सुधारली. कच्चा दुवा आतला पडदा आहे. त्याची काच बऱ्याच फोनांत सुमारे ३० मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही पातळ असते आणि तिच्यावर प्लास्टिकचा थर असतो. हा थर घडीच्या रेषेवर सुटू लागतो, तिथे फुगे धरतात. कण आत अडकला आणि फोन मिटला, तर दाब नेमका त्या एका बिंदूवर येतो. २०१९मध्ये सॅमसंगच्या पहिल्या फोल्डचे परीक्षणासाठी दिलेले काही फोन याच दोन कारणांनी बिघडले: कुणी वरचा थर साधी फिल्म समजून सोलला, कुठे कचरा आत गेला. एप्रिलची विक्री सप्टेंबरवर गेली.

खोक्यावरचा आयपी आकडा नीट वाचा. आयपी४८मधला ८ पाण्यासाठी, ४ घन कणांसाठी. ४ म्हणजे एक मिलिमीटरहून मोठे कणच अडतात. बारीक धूळ आत जाते. धूळ पूर्ण अडवायची तर पहिला अंक ६ हवा. असे घडीचे फोन आता येऊ लागले आहेत, पण सगळे तसे नाहीत. आतला पडदा बदलायचा खर्च आणि थर सुटला तर तो वॉरंटीत येतो का, ही दोन्ही उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. एकच फोन चार-पाच वर्षं वापरणाऱ्यांनी आज सरळ फोनच घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : घरात इंटरनेट मंद चालतं. वाय-फाय ७चा राउटर घेतला तर फरक पडेल?

उत्तर : आधी लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडून वेग मोजा. नंतर केबल काढून राउटरजवळ आणि मग लांबच्या खोलीत मोजा. केबलवरही मंद असेल तर अडचण बहुधा बाहेरच्या जोडणीत आहे. फक्त लांबच्या खोलीत मंद असेल तर अडचण भिंतींची. राउटर घराच्या मध्यावर उंच ठेवा किंवा लांबच्या खोलीत वाय-फायचं दुसरं केंद्र (ॲक्सेस पॉइंट) केबलने जोडा. वाय-फाय ७चा ३२० मेगाहर्ट्झचा रुंद पट्टा फक्त ६ गिगाहर्ट्झवर मिळतो आणि त्या लहरी भिंतीत आणखी लवकर विरतात. स्वस्त वाय-फाय ७ राउटरांत तर पुष्कळदा ६ गिगाहर्ट्झ नसतोच. फोन-लॅपटॉपही त्याच पिढीचे हवेत.

प्रश्न : कपड्याला लावायची एआय पिन किंवा लॉकेट कितपत उपयोगी?

उत्तर : थांबा. ह्यूमेन या कंपनीची एआय पिन (छातीवर लावून बोलून वापरायचं छोटं उपकरण) एप्रिल २०२४मध्ये ग्राहकांच्या हाती आली. २८ फेब्रुवारी २०२५ला कंपनीने सर्व्हर बंद केले आणि पिनची जवळजवळ सगळी कामं त्या दिवशी थांबली. पिनमध्ये बिघाड काहीच नव्हता. असं कोणतंही उपकरण घेताना इंटरनेट तोडल्यावर ते काय करतं ते पाहा, मासिक वर्गणी थांबवली तर काय उरतं ते विचारा, आणि तेच काम खिशातला फोन करतो का ते स्वतः ताडून पाहा. बॅटरी आत चिकटवलेली असेल तर वस्तूचं आयुष्य बॅटरीएवढंच.

प्रश्न : मग न थांबता घ्यावं असं काही नवं आहे?

उत्तर : आहे, सिलिकॉनऐवजी गॅलियम नायट्राइड वापरलेला यूएसबी-सी चार्जर. आकार लहान, उष्णता कमी, आणि यूएसबी पीडी ही वीज देण्याची समान पद्धत असल्यामुळे फोन किंवा लॅपटॉप स्वतःला हवी तेवढीच वीज मागून घेतो, म्हणून जुनी उपकरणंही चालतात. केबल मात्र बघून घ्या. साधी ३ अँपिअरची केबल ६० वॅटपर्यंतच पुरते. लॅपटॉपला त्याहून जास्त लागत असेल तर ई-मार्कर चिप (केबलची क्षमता चार्जरला सांगणारी) असलेली ५ अँपिअरची केबल लागते, नाहीतर चार्जर १०० वॅटचा असूनही चार्जिंग ६० वॅटवर अडतं.