डास, कापूर आणि 'हर्बल' अगरबत्ती: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पावसाळा लागला की हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकत्रच उत्तरे देते.

प्र. : डास पळवणारा आवाज काढणारे मोबाइल ॲप चालते का?

उ. : नाही.

प्र. : दारात तुळस, झेंडू लावले तर डास कमी होतात ना?

उ. : नुसत्या रोपाने होत नाहीत. कुंडीखालची ताटली बघा. साचलेल्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. पाणी नुसते ओतू नका, ताटली घासा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात.

प्र. : मुलाला शाळेत जाताना खोबरेलात कडुनिंबाचे तेल घालून लावते. पुरेल?

उ. : फार वेळ नाही. असर तास-दोन तासांत ओसरतो, घामाने आणखी लवकर. डेंग्यूचा डास तर दिवसाच चावतो. अंगभर कपडे घाला. डीट किंवा पिकारिडिन या डास दूर ठेवणाऱ्या रसायनांचे मलम वयानुसार किती, ते बालरोगतज्ज्ञांना विचारा.

प्र. : बाळ चार महिन्यांचे आहे. कॉइल नको म्हणून 'शंभर टक्के हर्बल' अगरबत्ती लावतो, सासूबाई कापूरही जाळतात.

उ. : दोन्ही आजच बंद करा. धूर कशाचाही असो, तो बाळाच्या छातीत जातो. एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, हे मोजमाप 2003 मध्येच प्रसिद्ध झाले आहे. कडुनिंबाचा पाला जाळला म्हणून धूर औषधी होत नाही.

आता अगरबत्तीचा पुडा उलटा करून वाचा. 1968 च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे डास मारणाऱ्या मालाची नोंदणी लागते. पुड्यावर नोंदणी क्रमांक, रसायनाचे नाव आणि प्रमाण हवे. तिथे नुसते हिरव्या पानाचे चित्र असेल आणि काडी पेटवताच डास पटापट पडत असतील, तर ती किमया पानाची नव्हे. अशा अगरबत्त्यांत बिननोंदणीची डायमेफ्लुथ्रिनसारखी कीटकनाशके सापडली आहेत. 'हर्बल' लिहून तान्ह्या बाळाच्या खोलीत विष विकणे हा गुन्हा आहे, आणि तो किराणा दुकानात उघड चालतो.

कापराची वडी बाळाने गिळली तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात. ती हाताला लागेल अशी ठेवू नका, तेलात विरघळवून छातीला चोळू नका. बाळाला मच्छरदाणीत झोपवा. खोकला किंवा धाप असेल तर लगेच दाखवा.

प्र. : मुलीला तीन दिवस ताप आहे, पपईच्या पानांचा रस देतोय. अजून वाट पाहू का?

उ. : अजिबात नको. आजच डॉक्टरांकडे नेऊन रक्त तपासा. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोका वाढतो. पोटात दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा लघवी कमी झाली, तर थेट रुग्णालय गाठा. तोवर ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन देऊ नका.