स्टिल्टमधलं पार्किंग विकत घेतलं, तर ते आपल्या मालकीचं होतं का?

जुन्या मालकाने फ्लॅटसोबत स्टिल्ट पार्किंगचेही, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या जागेचेही, वेगळे अडीच लाख घेतले आणि आता कमिटी ती जागा दुसऱ्याला देतेय, हे चालतं का, असं तुम्ही विचारलंय. चालतं. जे विकायचा हक्क बिल्डरलाच नव्हता, ते त्या मालकाकडे कुठून येणार?

मी डोंबिवलीत आमच्या सोसायटीची सहा वर्षं सेक्रेटरी होते. हा विषय निघाला की अजूनही माझा संताप होतो. फ्लॅट चोवीस, स्टिल्टमध्ये जागा नऊ. 2004 साली ताबा देताना बिल्डरने नऊ जणांकडून साठ-साठ हजार रोख घेतले. पावती साध्या कागदावर, करारनाम्यात एक ओळ नाही. पिलरवर पिवळ्या रंगात फ्लॅट नंबर काढून दिला, झालं पार्किंग! त्यातल्या एका काकांची मारुती तीन वर्षं कव्हरखाली उभी होती, चारही टायर बसलेले. माझे सासरे मात्र बायपासनंतर भर पावसात रस्त्यावरच्या गाडीपासून जिन्यापर्यंत माझा खांदा धरून यायचे. फक्त त्यांना उतरवण्यापुरती तुमच्या जागेची साखळी काढा म्हणून मी त्या काकांना हात जोडले. काढली नाही. "मी पैसे मोजलेत," हे एकच उत्तर.

ऑगस्ट 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाचा नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी हा निकाल आला. सोसायटी दहिसरची. बिल्डर म्हणत होता, मोफा या महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्यात फ्लॅटच्या व्याख्येत गॅरेज येतं, स्टिल्ट म्हणजे गॅरेजच, म्हणून मी ते विकू शकतो. कोर्टाने सांगितलं, स्टिल्ट हे गॅरेज नव्हे, ती सामायिक जागा आहे. बिल्डरला ती विकता येत नाही.

मी सोसायटीच्या वार्षिक सभेत निकालाची प्रिंट वाचून दाखवली. चेअरमन म्हणाले, "तो दहिसरवाल्यांचा निकाल, आपला काय संबंध?" सुप्रीम कोर्टाने लावलेला कायद्याचा अर्थ देशातल्या सगळ्या कोर्टांवर बंधनकारक असतो, घटनेचं कलम 141. त्या सभेत ते मला सुचलं नाही, याची चुटपुट आजही आहे. आणखी दोन सभा गेल्या, तेव्हा कुठे दरवर्षी चिठ्ठ्या टाकायचा ठराव झाला. पुढच्या वर्षी चिठ्ठीत आमचं नाव निघालं. सासऱ्यांना कोरड्या जागेत उतरायला मिळालं ते शेवटचं दीड वर्ष.

एक मात्र तपासा. तुमची इमारत रेरात, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांसाठीच्या नव्या कायद्याखाली, नोंदलेली असेल आणि बिल्डरच्या नोंदणीकृत करारात गॅरेज किंवा छताखालचं (कव्हर्ड) पार्किंग स्पष्ट लिहिलेलं असेल, तर प्रकरण वेगळं आहे, कारण रेरात तसं पार्किंग विकता येतं, उघडं नाही. तसं असेल तर कागद वकिलाला दाखवा.

नसेल तर अडीच लाखांचं भांडण जुन्या मालकाशी करा, सेक्रेटरीशी नको. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांप्रमाणे, सोसायटीने दिलेलं पार्किंग सभासदाला विकता येत नाही, आणि गाड्या जागांपेक्षा जास्त असतील तर चिठ्ठ्याच टाकायच्या असतात. आरसी बुकची झेरॉक्स जोडून कमिटीकडे अर्ज करा, पोच घ्या. आणि चिठ्ठी निघेपर्यंत त्या जागेला साखळी लावली असेल, तर ती आजच काढा.