पन्नास घेऊ की पस्तीस? लेन्सबद्दलचे तुमचे प्रश्न

मागच्या वेळी विचारलं होतं की तुमची आवडती लेन्स कुठली आणि का, तर उत्तरांपेक्षा प्रश्नच जास्त आले. सगळे घेणं शक्य नाही, म्हणून जे फिरून फिरून आले तेच निवडलेत. माझं एक मत आधीच सांगते, म्हणजे पुढचं त्या अंगाने वाचता येईल. लेन्स घेताना आपल्याला समोरच्यापासून किती लांब उभं राहायला आवडतं हे आधी ओळखायचं, शार्पनेस, ब्लर, ब्रँड हे सगळं त्याच्या नंतर. ज्यांची एखादी लेन्स खरंच लाडकी असते त्यांना विचारून बघा, बोलता बोलता ते अंतराबद्दलच बोलायला लागतात.

ताई, मी नाशिकला कॉलेजला आहे. माझ्याकडे निकॉन डी५६०० कॅमेरा आणि त्याच्यासोबत मिळालेली १८-५५ किट लेन्स आहे. सगळे म्हणतात फिफ्टी घे, एक सिनियर म्हणतो पस्तीस घे. काय करू?

सिनियरचं ऐक, पण कारण समजून घे. फिफ्टीचं, म्हणजे ५० एमएम फोकल लेन्थच्या लेन्सचं (आकडा मोठा तसं दृश्य जवळ येतं आणि कमी मावतं), जे एवढं नाव आहे ते फिल्मच्या जमान्यातलं, म्हणजे आजच्या भाषेत फिल्मएवढ्या मोठ्या फुल फ्रेम सेन्सरवरचं. तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर त्याहून लहान आहे, कडेचा भाग त्यात येतच नाही, त्यामुळे ५० ची लेन्स तुझ्याकडे ७५ सारखी वागणार (कॅननच्या क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरच्या, बॉडीवर तर ८०). हॉस्टेलच्या रूममध्ये मैत्रिणीचा फोटो काढायला गेलीस तर भिंतीला पाठ टेकेल आणि फ्रेममध्ये ती जेमतेम कमरेपर्यंत येईल. ३५ ची लेन्स त्याच बॉडीवर ५२ च्या आसपास पडते, म्हणजे लोक ज्या फिफ्टीचं कौतुक करतात तो अनुभव तुला पस्तीसमध्ये मिळणार.

दुसरी गोष्ट उजेडाची. किट लेन्स ५५ ला नेलीस की अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही (आकडा लहान तेवढं भोक मोठं). पस्तीसची लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते, म्हणजे त्याच्या नऊ-दहा पट उजेड आत येतो. गोदाघाटावर दिवेलागणीला तुझा शटर १/१० सेकंदावर अडकत असेल आणि फोटो हलत असेल तर तिथेच १/१०० मिळेल, आयएसओला, म्हणजे सेन्सरच्या संवेदनशीलतेला, हात न लावता. स्वस्त प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सवर लोक जीव टाकतात त्याचं खरं कारण हेच आहे, मागचा ब्लर नंतरचा.

आणि सेकंड हँड घेत असशील तर एक नीट बघ. निकॉनच्या जुन्या डी टाइप लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती बॉडीत लागते आणि तुझ्या बॉडीत ती नाहीये. दुकानदार ५० एफ १.८ डी स्वस्तात देतो म्हणाला आणि तू घेतलीस तर ऑटोफोकस चालणारच नाही, हाताने रिंग फिरवत बसावं लागेल. लेन्सवर एएफ-एस लिहिलंय ना हे बघूनच पैसे दे.

पैसे घालायच्या आधी एक फुकटातला प्रयोग कर. किट लेन्सची झूम रिंग ३५ वर ठेवून वर टेपचा तुकडा चिकटव आणि एक आठवडा तशीच वापर, मग पुढचा आठवडा ५० वर. कुठल्या आठवड्यात जास्त चिडचिड झाली ते तुझं तुलाच कळेल. जुने फोटो कॉम्प्युटरवर उघडून प्रत्येकाची फोकल लेन्थ बघ, ती फाइलमध्ये नोंदलेली असते. बऱ्याच जणांचे निम्म्याहून जास्त फोटो एकाच आकड्याच्या आसपास निघतात आणि त्यांना ते माहीतही नसतं.

मोठमोठे फोटोग्राफर नक्की कुठली लेन्स वापरायचे? (ठाणे)

फ्रेंच फोटोग्राफर हेन्री कार्तिए-ब्रेसाँचं नाव सगळ्यात आधी घेते. १९३० च्या दशकात त्यांच्या हातात लायका कॅमेरा आला आणि पुढचं बहुतेक काम त्यांनी ५० एमएम वर केलं. पिशवीत बाकीच्या लेन्स असल्या तरी वळायचे ते ५० कडेच. एकच लेन्स वर्षानुवर्षं वापरली की कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच फ्रेम कुठून कुठपर्यंत येणार हे कळायला लागतं, मग पाय आपोआप योग्य जागी जातात. रस्त्यावरचा फोटो अर्ध्या सेकंदाचा खेळ असतो, झूम फिरवायला तेवढा वेळ मिळत नाही.

स्टीव्ह मॅकरीने १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत काढलेला हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो तुम्ही पाहिलेला असणारच, तो निकॉनच्या १०५ एमएम एफ २.५ वर काढलेला आहे. १०५ म्हणजे चेहरा फ्रेमभर घ्यायचा तरी चार-पाच फुटांवर बसता येतं. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. वाइड लेन्सने नाक मोठं दिसतं आणि ८५ किंवा १०५ ने चेहरा छान दिसतो असं आपण म्हणतो, पण ते लेन्समुळे होत नाही, अंतरामुळे होतं. वाइड लेन्सने चेहरा मोठा घ्यायचा तर अगदी फूटभरावर जावं लागतं, मग नाक कानांपेक्षा बरंच जवळ येतं आणि फुगलेलं दिसतं. त्याच वाइड लेन्सने सहा फुटांवरून काढा आणि चेहरा क्रॉप करा, नाक एकदम नॉर्मल. मोबाइलवरच्या सेल्फीची सगळी तक्रार हीच आहे, हात जेवढा लांब तेवढंच अंतर.

आपल्या होमाई व्यारावाला, मुंबईत जे.जे. मध्ये शिकलेल्या आणि पुढे दिल्लीत गाजलेल्या, यांच्या हातात रोलायफ्लेक्स कॅमेरा असायचा. त्याला दोन लेन्स, त्या बदलताच येत नाहीत, वरची बघायची आणि खालची फोटो काढायची, बस. साधारण फिफ्टीच्याच घराण्यातली नजर. गांधीजींची अंत्ययात्रा, नेहरू, तो सगळा काळ त्यांनी टिपला तो झूम नसलेल्या कॅमेऱ्यांवर, हव्या त्या अंतरावर स्वतः जाऊन उभं राहून. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे आणि तो या कारणासाठी जास्तच आहे.

यंदा पहिल्यांदाच वारीला जातोय, पुणे ते सासवड चालणार. माझ्याकडे फुल फ्रेम बॉडी, ३५ एफ १.८ आणि ७०-२०० आहे. दोन्ही नेऊ का? (पुणे)

दिवे घाटातला तो फोटो सगळ्यांना हवा असतो, वळणावळणाचा रस्ता, पांढऱ्या टोप्या, भगव्या पताका एकावर एक रचल्यासारख्या. तो ७०-२०० नेच येतो, कारण लांबून काढलं की मागची आणि पुढची दिंडी एकमेकांना चिकटल्यासारखी दिसते. त्यासाठी पालखी यायच्या बऱ्याच आधी घाटात वरची जागा धरून बसायला लागतं आणि तिथे तुमच्यासारखे शेकडो असतात. तुम्ही तर चालणार आहात. मग माझं ऐका, ३५ बॉडीला लावा आणि ७०-२०० घरी ठेवा. जवळपास दीड किलोचं ते धूड गळ्यात घेऊन घाट चढलात की संध्याकाळपर्यंत फोटो काढायची इच्छाच उरत नाही.

३५ ने काय होतं ते सांगते. डोक्यावर तुळस घेतलेली एखादी आजी चालत असते. २०० ने तिचा फोटो पलीकडच्या कडेवरून निघतो, तिला पत्ताही लागत नाही, चेहरा सुंदर येतो आणि मागचं सगळं विरघळून जातं. ३५ ने तिला तसंच फ्रेममध्ये घ्यायचं तर तिच्यापासून चार-पाच फुटांवर, तिच्याच चालीने चालावं लागतं. ती बघते, माऊली म्हणते, तुम्ही माऊली म्हणता, पाच-दहा मिनिटं बरोबर चालता, ती तुम्हाला विसरून पुन्हा अभंगात शिरते आणि तेव्हा फोटो काढता. त्या फोटोत तिच्या पायातली झिजलेली चप्पल, शेजारचा टाळकरी, मागे भिजलेला रस्ता, सगळं येतं. मला हा फोटो पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा वाटतो. २०० वाईट असं म्हणत नाहीये मी, रिंगणात घोडा धावताना दोरीच्या आत तर जाता येत नाही, तिथे टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्सच पाहिजे. पण कोणी नको म्हणून हात केला तर कॅमेरा खाली घ्यायचा, लेन्स कुठलीही असो.

पावसाचं म्हणाल तर चालता चालता लेन्स बदलायचीच नाही, सेन्सरवर पाणी आणि धूळ दोन्ही जाते. एक साधी प्लास्टिकची पिशवी, लेन्सच्या तोंडापाशी भोक पाडून रबर बँड लावलेली, आणि पुढे लेन्स हूड. खिशात दोन सुती रुमाल. एवढं पुरतं.

ताडोब्याला जायचंय. १५०-६०० घेऊ की २००-५००? माझ्याकडे निकॉनची क्रॉप बॉडी आहे. (नागपूर)

क्रॉपवर ५०० म्हणजे ७५०, शंभराच्या फरकासाठी जीव जाळू नका. निकॉनची २००-५०० शेवटपर्यंत एफ ५.६ राहते, टॅमरॉन आणि सिग्माच्या १५०-६०० शेवटी एफ ६.३ वर येतात. पहाटेच्या सफारीत पहिला तासभर उजेड इतका कमी असतो की तेवढ्या फरकाचाही उपयोग होतो, म्हणून मी २००-५०० म्हणेन. पण वर्षातून एकदाच जाणार असाल तर विकत घेऊच नका, भाड्याने घ्या.

आणि खरं सांगायचं तर तिथे फोटो बिघडतात ते लेन्समुळे नाहीच. चालू इंजिनाच्या थरथरीने बिघडतात, ड्रायव्हरदादांना इंजिन बंद करायला सांगा. बीन बॅग (कॅमेरा टेकवायची पिशवी) रिकामी न्या आणि तिकडे पोचल्यावर तांदूळ भरा. उन्हाळ्यात ऊन चढल्यावर लांबचा वाघ कितीही महागड्या लेन्सने धुरकटच येणार, कारण मधली तापलेली हवा हलत असते, त्यावर जवळचंच काढणं हा एकच उपाय. आणि वाघ रस्त्यावरच आला तर ५०० मध्ये फक्त मिशा मावतील, म्हणून किट लेन्स लावलेली दुसरी बॉडी तयार ठेवा.

रत्नागिरीला राहते. दोन पावसाळ्यांत दोन लेन्सना फंगस लागलं. काय करावं? (लेन्स कपाटात लेदरच्या पाऊचमध्ये होत्या.)

तुमच्या कंसातच उत्तर आहे. लेदर ओल धरून ठेवतं, कॅमेऱ्याची बॅगसुद्धा धरते आणि बंद कपाटात हवा खेळत नाही, फंगसला आणखी काय पाहिजे. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, रबरची कड असलेला, त्यात ओल शोषणारं सिलिका जेल आणि हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवा, ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिलं की झालं. जेलचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरता येतं. लेन्स जास्त असतील तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्या, कोकणात आणि गोव्यात ते मी चैन मानतच नाही. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवायचा सल्ला कोणी देईल, अजिबात ऐकू नका, पीठ आत जातं.

लागलेलं फंगस बघायचं तर दोन्ही टोप्या काढा, अॅपर्चर पूर्ण उघडा आणि एका बाजूने तिरका टॉर्च मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतील. थोडं असेल तर साध्या फोटोत कळतही नाही, पण उजेडासमोर धरल्यावर सगळं फिकट धुरकट येतं. लवकर साफ करून घ्या कारण ते काचेवरचं कोटिंग खातं आणि ते मग परत येत नाही. तोवर ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. एसीच्या खोलीतून बाहेर जाताना बॅग अर्धा तास बंदच राहू द्या, थंड काचेवर बाष्प धरतं ते टळेल. आणि पावसाळाभर लेन्स वापरत राहा, हा सगळ्यात चांगला उपाय.

बाबांच्या जुन्या झेनिट कॅमेऱ्याची हेलिओस ४४-२ लेन्स सापडली. माझ्या सोनी मिररलेसला लागेल का? (कोल्हापूर)

लागेल आणि मस्त लागेल! ५८ एमएम एफ २, झाइस या जर्मन कंपनीच्या बायोटार लेन्सवरून सोव्हिएत युनियनमध्ये बनवलेली, आजही लोक ती हौसेने शोधतात. ४२ मिलिमीटरचे आटे असतात म्हणून त्या माउंटला (लेन्स बॉडीला जोडायच्या जागेला) एम४२ म्हणतात, सोनी ई साठीचा अॅडाप्टर साधा नळीसारखा असतो, आत काच नाही, स्वस्तात मिळतो. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, माउंट आणि सेन्सरमधलं अंतर फार कमी असल्यामुळे हे जमतं. निकॉनच्या डीएसएलआरवर तीच लेन्स लावली तर लांबचा फोकस मिळत नाही, किंवा मग काचेचा अॅडाप्टर लागतो आणि तो मजा घालवतो.

मेनूमध्ये लेन्स नसतानाही शटर चालू द्यायचा पर्याय ऑन करा, फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगाने दाखवणारी सोय) ऑन करा. लेन्सवर अॅपर्चरच्या दोन रिंगा असतील, एक आकडा ठरवणारी आणि एक मोकळी फिरणारी, गोंधळू नका. अॅपर्चर एफ २ वर पूर्ण उघडा, माणूस पाच-सहा फुटांवर आणि मागे जरा लांब दाट पानं, पानांतून ऊन झिरपत असलेलं, म्हणजे मागचा ब्लर गोल भोवऱ्यासारखा फिरलेला दिसेल. कडा मऊ येतील, उजेडासमोर धुरकट होईल, पण लोकांना ती आवडते ती त्यासाठीच. रिंग जड फिरत असेल तर आतलं ग्रीस वाळलंय, स्वतः उघडू नका, सर्व्हिसवाल्याकडून बदलून घ्या. आणि पहिला फोटो बाबांचाच काढा, मला पाठवायला विसरू नका.