चौघांच्या नावाने

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

आमच्या ग्रुपमधले दोघे नुसते नाचतात, मग अल्बमच्या मुखपृष्ठावर चारही नावे कशासाठी, हा तुझ्या पत्रातला प्रश्न वाचून मी अस्वस्थ झालो. उत्तरादाखल तुला हेव्ही डी अँड द बॉइझ या अमेरिकन हिप हॉप ग्रुपविषयी सांगावेसे वाटते.

न्यूयॉर्क शहराला लागून असलेल्या माउंट व्हर्ननचे हे चौघे. ड्वाइट मायर्स, म्हणजेच हेव्ही डी, रॅप करीत असे आणि एडी एफ डीजे होता. उरलेले जी-विझ आणि ट्रबल टी-रॉय हे नर्तक. आंद्रे हॅरेल यांच्या अपटाउन रेकॉर्ड्स या कंपनीने 1987 मध्ये त्यांचा पहिला अल्बम काढला, तेव्हा माइक हाती नसलेले ते दोघेही ग्रुपचे पूर्ण सभासद होते. यात औदार्याचा प्रश्न नव्हता; ते संगीतच तसे होते. हार्लेमच्या टेडी रायली यांनी घडवलेल्या न्यू जॅक स्विंग या शैलीमध्ये ड्रम मशीनचे ठोके हिप हॉपसारखे कडक असतात, परंतु त्यांच्यामधले बारीक ठोके किंचित उशिरा पडत असल्यामुळे लय डोलू लागते, आणि तिच्यावर चर्चमधल्या गायकीत मुरलेला गळा मोकळा सुटतो. असे संगीत निम्मे पायांनीच ऐकायचे असते. हेव्ही डी स्वतः देहाने अवाढव्य, पण रंगमंचावर त्याची पावले इतकी हलकी पडत की आजही त्या नाचाची चित्रफीत पाहताना मी हरखून जातो. तूही ती पाहा, आणि पाहताना मागच्या दोघांवरून नजर हटवू नकोस.

15 जुलै 1990 रोजी इंडियानापोलिसमधल्या कार्यक्रमानंतर टी-रॉय उंचावरून पडला आणि अवघ्या 22 व्या वर्षी गेला. पुढच्या वर्षीचा अल्बम ग्रुपने त्याला अर्पण केला. त्यातच ओजेज या गायकवृंदाचे एक जुने गाणे रायली यांनी नव्या ठेक्यात बसवले, गायक आरन हॉल यांनी त्याचे धृपद गायले आणि ते ब्रिटनमधल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. 1992 मध्ये हेव्ही डीच्या नात्यातला भाऊ पीट रॉक आणि सी. एल. स्मूथ या हिप हॉपमधल्या जोडीने टी-रॉयच्या आठवणीने व्याकूळ होऊन जे गाणे केले, त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडली की 'ट्रॉय' हे नाव तयार होते. जाणकार त्याची गणना हिप हॉपमधल्या सर्वश्रेष्ठ गाण्यांत करतात. आणि ज्याच्यासाठी ते रचले गेले, तो नर्तक होता.

1994 नंतर ग्रुपच्या नावाने अल्बम निघाला नाही. हेव्ही डी 1996 मध्ये अपटाउनचा अध्यक्ष झाला, पुढे अभिनयातही रमला आणि 2011 मध्ये 44 व्या वर्षी वारला.

मुखपृष्ठाचा मसुदा छपाईला देण्याआधी मला पाठव. त्यावर चौघांची नावे एकाच आकाराच्या अक्षरांत असावीत, अशी माझी इच्छा आहे. आणि तुझे हे पत्र त्या दोघांना कधी दाखवू नकोस.

तुझा शुभचिंतक