पद्मिनीला बूस्टर बसवायचाय

प्रश्न : वडिलांची १९८३ ची प्रीमियर पद्मिनी आहे, रविवारी काढतो. साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकीचा बोगदा संपला की उतारावर ब्रेकवर अक्षरशः उभं राहावं लागतं, बायको तर चालवायलाच तयार नाही. मेकॅनिक म्हणतो स्क्रॅपमधून मारुतीचा ब्रेक बूस्टर आणून ठोकून देतो. बसवू का? – एक वाचक, सातारा

उत्तर : बसवा, पण आधी चारही ड्रम उघडून बघा. लायनर (ड्रमला आतून घासणारं अस्तर) काचेसारखे चकचकीत झालेत का, व्हील सिलेंडर (ते लायनर ड्रमवर ढकलणारा) जाम आहे का, रबरी होज आतून फुगलाय का, यातलं काहीही असलं तरी पेडल दगड होतं आणि बूस्टर लावून ते फक्त झाकलं जातं. बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्युमच्या (हवा ओढण्याच्या) जोरावर तुमच्या पायाचे कष्ट कमी करतो, ड्रम तापले की लायनरची पकड जाते तिथे त्याचा काही उपयोग नाही. घाटात सेकंड गिअर टाका हो, पाय आपोआप हलका होईल.

आता मारुतीचा बूस्टर. तो पेडल आणि मास्टर सिलेंडरच्या (ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तो) मधे बसतो, म्हणजे ब्रॅकेट, पुशरॉडची (जोर पुढे नेणाऱ्या दांडीची) लांबी, सिलेंडरचा बोअर (आतला व्यास) सगळं बदलणार, आणि पुशरॉड जरा लांब झाला तर ब्रेक सुटतच नाहीत, घासत राहतात. ठोकून द्यायचं काम नाही हे. त्यापेक्षा रिमोट बूस्टर शोधा, जुन्या ब्रिटिश गाड्यांना असायचा तसला, तो बॉनेटखाली कुठेही बसतो, मास्टर सिलेंडरची लाईन त्यात शिरते आणि बाहेर पडून चाकांकडे जाते. मात्र तुमच्या मास्टर सिलेंडरमधून लाईन एकच निघते ना ते बघा. दोन असतील तर टी (तीन तोंडांचा जोड) लावून एकत्र करायच्या नाहीत म्हणजे नाहीत, एक फुटली तर दुसरी राहावी म्हणूनच दोन असतात.

व्हॅक्युम घ्यायचा कार्बोरेटरच्या बटरफ्लायच्या (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेच्या) खालून. कार्बोरेटरखालच्या स्पेसरला निप्पल मारून घेणं सगळ्यात सोपं. मधे नॉन-रिटर्न व्हॉल्व (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) हवाच आणि पाईप ब्रेक बूस्टरचाच जाड घ्या, साधा पेट्रोल पाईप आत ओढला जाऊन चपटा होतो. सात इंची डायफ्रॅमवर आयडलच्या व्हॅक्युमला दीडशे किलोच्या आसपास जोर येतो, एवढं काम ती नळी करत असते. (डिझेल पद्मिनीवाल्यांनो, तुमच्या इंजिनात हा व्हॅक्युम तयारच होत नाही, वेगळा पंप लागेल.) बूस्टर बसवताना त्याच्या सिलेंडरचं तोंड वरच्या बाजूला तिरकं ठेवा, आडवा लावला तर आत हवा अडकते आणि कितीही ब्लीडिंग केलं (ऑइलमधली हवा काढली) तरी पेडल स्पंजसारखंच. ब्रेकच्या नळ्या स्टीलच्या, डबल फ्लेअर केलेल्या (टोक दुहेरी दुमडलेल्या), एसीवाल्याकडचा तांब्याचा पाईप चालणार नाही.

झालं की इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा ब्रेक दाबा, मग पाय दाबूनच स्टार्ट मारा. पेडल जरासं खाली गेलं तर बूस्टर चालू आहे. आणि पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करायची खोड असेल तर ती आजच सोडा, दोन-तीनदा दाबलं की साठलेला व्हॅक्युम संपतो आणि पेडल पुन्हा पूर्वीसारखं जड लागतं.

पहिल्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर चालवून बघा, सवयीने उभे राहिलात तर चाकं लॉक होतील. वहिनींना ती भीती नाही, त्यांना उभं राहायची सवय कुठाय.